हवा

आमच्या भागात 'हवा' हा शब्द ऋतुमानासाठी वापरायचं लोकांनी सोडलं, त्याला बरीच वर्षं झाली. "काय, हवा कशी आहे?" या प्रश्नाला पाऊसपाण्याचं उत्तर देणारा माणूस एकतर सत्तरीच्या पुढचा असतो, नाहीतर कृषी खात्यातला. बाकीच्यांना बरोबर कळतं, की चौकशी माणसाची चालली आहे. अमक्याची हवा आहे, तमका नुसतीच हवा करतो, मागच्या निवडणुकीत फलाण्याची हवा होती आणि ती मतपेटीपर्यंत पोचलीच नाही! हल्ली तर ही हवा गाड्यांच्या मागच्या काचेवर वीतभर अक्षरांत लिहिलेली असते. कराडपासून कोल्हापूरपर्यंत महामार्गाच्या कडेला तासभर उभं राहा. 'नाद खुळा', 'साहेब', 'आई-वडिलांचा आशीर्वाद' आणि 'आपलीच हवा' एवढं साहित्य तुमचं सहज वाचून होईल. आमच्या दादाच्या गाडीवर यातली शेवटची दोन आहेत. आशीर्वादाचे हप्ते बाबा भरतात.

गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट, डिझेलवरची, २०१४ सालची, दोन मालकांकडे राहून आलेली. ती दारात आली त्या आठवड्यात आईच्या पाटल्या पतसंस्थेच्या तिजोरीत गेल्या. "ऊसबिल आलं की पहिल्यांदा त्या सोडवायच्या," असं दादानंच ठरवलं होतं. ऊसबिल आलं, पण त्याच्या आधी चार दिवस गाडीची 'फाइल' आली. ही फाइल कागदाची नसते. गाडीच्या पोटात एक छोटासा संगणक असतो. कुठल्या वेळी किती डिझेल द्यायचं, हवेचा दाब किती ठेवायचा, हा सगळा हिशेब तो बघतो. सांगलीचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन येतो, तो जुना हिशेब पुसतो आणि नवा उतावळा हिशेब आत घालतो. याला 'फाइल मारणं' म्हणतात. पहिल्या पायरीला 'स्टेज वन', त्याच्या वरच्या पायरीला 'स्टेज टू'. आईला रक्कम कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "फाइलीला एवढे पैसे? तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडं दहा रुपयाला मिळती की!"

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला. पण ज्या वस्तूच्या नावानं आपल्या घरात सकाळ-संध्याकाळ आरती चालते, ती वस्तू आहे तरी काय, हे आपल्याला ठाऊक असावं असं मला वाटू लागलं. म्हणून एका रविवारी मी दादाला म्हटलं, "हा टर्बो म्हणजे काय ते मला नीट सांग." खरं सांगायचं तर दादा शिक्षक म्हणून फार चांगला आहे. कट्ट्यावर जो तोंडाचा पट्टा चालतो, तो घरात शिकवताना अगदी शांत होतो. त्यानं बॉनेट उघडलं आणि सांगितलं ते असं: इंजिनात डिझेल जळलं की त्याचा गरम धूर जोरानं बाहेर पडतो. साध्या गाडीत तो फुकट जातो. इथं त्याच्या वाटेत एक छोटं पात्यांचं चाक ठेवलेलं असतं. धुरानं ते फिरतं आणि त्याच्याच दांड्यावर बसवलेलं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त, म्हणून ताकद जास्त. हे चाक मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतं.

आई दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्हंजे चुलीचा वैलच की."

दादा क्षणभर बघतच राहिला. मीही. चुलीत जी धग वाया जायची ती शेजारच्या वैलावर वळवायची आणि त्यावर आमटी कढत ठेवायची, ही युक्ती आमच्या आजीच्या आजीलाही माहीत होती. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरला १९०५ साली या कल्पनेचं पेटंट मिळालं. आमच्या आजीच्या आजीनं अर्ज केला नव्हता, एवढाच फरक!

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात कोश काढून बसले. 'टर्बो' हा शब्द लॅटिन. अर्थ: गरगर फिरणारी वस्तू, भोवरा, आणि वावटळही. मला हे फार आवडलं. एवढं लोखंड, एवढा धूर, एवढे हप्ते, आणि मुळाशी शाळेच्या पटांगणावरचा भोवरा! शिवाय आपल्याकडे भोवरा नदीतही असतो. तिथं तो खेळायचा नसतो.

या भोवऱ्याला एक खोड आहे. धूर पुरेसा जोर धरेपर्यंत चाक फिरत नाही आणि चाक फिरेपर्यंत ताकद येत नाही. पायानं हुकूम दिल्यापासून तो अमलात येईपर्यंत जो खोळंबा होतो, त्याला 'लॅग' म्हणतात. दादाची गाडी दोन हजार फेऱ्यांच्या खाली गरीब गाय असते आणि त्यावर गेली की एकदम अंगात आल्यासारखी करते. याउलट आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींच्या बोलण्याला लॅग मुळीच नसतो.

हा कट्टा दूध डेअरीच्या समोर आहे. संध्याकाळचं दूध घातलं की सातच्या सुमाराला तिथं चार-पाच गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात. मी किटली घेऊन डेअरीत रांगेत असते, त्यामुळे या विद्यापीठाची व्याख्यानं मला फुकट ऐकायला मिळतात. "पंच्याहत्तरची गाडी, एकशे दहावर नेली." "कागलच्या एका ऑडीला मागं टाकलं, लेका, आरशात बारीक बारीक होत गेली बघ." "पेठ नाक्यावरनं किणी टोलनाका, घड्याळ लावून सांगतो..." आणि मग असा एक आकडा येतो, की तो ऐकून टोलनाक्यानं स्वतःच पुढं चालत यायला हवं. गंमत अशी, की कुठलीही शर्यत कुणी पाहिलेली नसते. ती नेहमी काल रात्री, नेहमी बारानंतर झालेली असते. आणि हरलेला माणूस नेहमी परगावचा असतो. हरलेला माणूस कधी आमच्या कट्ट्यावर चहाला आलेला मी पाहिला नाही.

गाडीच्या कुळाबद्दलही असंच. दादाच्या गाडीचं इंजिन मूळ फियाटचं, १२४८ सीसीचं. २००७ साली ते स्विफ्टमध्ये आलं आणि मारुती, टाटा, फियाट अशा इतक्या घरांत ते नांदलं, की मोटारींवर लिहिणारे त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. २०२० च्या एप्रिलमध्ये धुराचे नवे नियम आले, मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या, आणि उरलेल्या जुन्या गाड्यांना गेलेल्या माणसासारखी किंमत आली. हे इंजिन आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही तयार होत असे. दादाच्या गाडीतलं मात्र हरियानातल्या मानेसरचं आहे. तो मला एकदा खाजगीत म्हणाला. कट्ट्यावर ते रांजणगावचं असतं, आणि सुरुवात करताना महागणपतीचं नाव घेऊन हात जोडले जातात.

दादाच्या एका मित्राला सगळे 'स्टेज टू' म्हणूनच हाक मारतात. त्याच्या आईलाही आता ती सवय झाली आहे. पेट्रोलवरच्या टर्बो गाडीत पाय एकदम उचलला की कोंडलेली हवा 'फुस्स्' करून बाहेर पडते, आणि चित्रपटांमुळे या आवाजाला मोठा मान आहे. डिझेल गाडीची रचना निराळी. तिला हवा अशी सोडावी लागत नाही, त्यामुळे हा आवाजही येत नाही. तेव्हा 'स्टेज टू'नं नुसत्या आवाजाचं यंत्र बसवून घेतलं. त्यानं गाडीचा वेग कणभरही वाढत नाही. बटण दाबलं की फुस्स्! आमची म्हैस पहिल्या दिवशी दचकली. आता ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

पण ही हौस आमच्याच पोरांना आहे असं समजू नये. १९७३ साली जर्मनीत बीएमडब्ल्यूनं '२००२ टर्बो' नावाची गाडी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली. तिच्या पुढच्या पट्टीवर 'टर्बो' ही अक्षरं उलटी रंगवलेली होती. कशासाठी? तर पुढच्या गाडीवाल्याला आपल्या आरशात ती सुलटी वाचता यावीत आणि त्यानं बाजूला व्हावं! तिथल्या लोकांनी त्यावरून मोठा गहजब केला. तशात त्याच वर्षी तेलाची टंचाई आली, आणि सगळ्या मिळून दोन हजारांपेक्षाही कमी गाड्या निघाल्या. पन्नास वर्षांपूर्वीची ती उलटी अक्षरं मला फार बोलकी वाटतात. इंजिनाला त्यांचा काही उपयोग नव्हता. ती फक्त दुसऱ्याच्या आरशासाठी होती.

आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, या सगळ्याकडे तंबाखू मळत बघतात. 'पंच्याहत्तर घोड्यांची ताकद' हे शब्द त्यांनी प्रथम ऐकले तेव्हा त्यांनी विचारलं, "मग नांगराला का जुपत न्हाईस?" मी त्यांना वाचून दाखवलं, की एका सेकंदात पंच्याहत्तर किलोचं ओझं एक मीटर उचलायचं, ही एक अश्वशक्ती. ही कल्पना वाफेची इंजिनं विकणाऱ्या जेम्स वॉटनं अठराव्या शतकात रूढ केली. गिरणीला जुंपलेल्या किती घोड्यांचं काम आपलं यंत्र करतं, हे गिऱ्हाइकाला पटवायला त्याला असं मापच हवं होतं. "म्हंजे इकणाऱ्याचं माप," अण्णा म्हणाले आणि तंबाखू गालात सारली.

अर्थात अण्णाही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाहीत. तरुणपणी त्यांनी बैलांच्या शर्यती केल्या आहेत. त्यांच्या सर्जा नावाच्या खिलार बैलानं एकदा मैदान मारलं आणि बक्षीस म्हणून पितळेची घागर मिळाली. ही घागर माझ्या लहानपणी घागरच होती. मी सातवीत असताना तिची ढाल झाली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, तेव्हापासून अण्णांच्या गोष्टींना जो बहर आला तो काही औरच. आणि २०२१ च्या डिसेंबरात परवानगी पुन्हा मिळेपर्यंत त्या ढालीची चांदीची गदा झालेली होती. खरी घागर आमच्या कोठीत आहे. आई तिच्यात पोहे ठेवते. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. अण्णांची गदा कितीही मोठी झाली, तरी गोष्टीत सर्जा असतोच. त्याच्या वशिंडावरचा भोवरा, त्याला चारलेली कणीक, शर्यतीच्या आदल्या रात्री त्यानं पाणी कसं प्यायलं नाही, छकड्यावर बसलेला गाडीवान कोण, तो पुढं कुठं गेला, हे सगळं येतं. अण्णा स्वतः गोष्टीत उशिरा येतात आणि तेही बहुतेक बैलाच्या शेपटीशी.

विराटपर्व वर्गात चाललं होतं तेव्हा मला आमचा कट्टाच आठवत होता. कौरवांनी गाई वळवून नेल्या आणि राजपुत्र उत्तर अंतःपुरात, बायकांच्या घोळक्यात बसून सांगू लागला, की मला एक चांगला सारथी तेवढा मिळू दे, मग बघा! सारथी मिळाला: बृहन्नडा. उत्तराची बहीण उत्तरा, तिनं तर लढाईहून येताना बाहुल्यांसाठी शत्रूंची भरजरी वस्त्रं आणायला सांगितली. पुढं सैन्याचा समुद्र दिसताच उत्तर रथातून उडी टाकून पळाला, हे सगळ्यांना पाठ आहे. वर्गात हशाही तिथंच झाला. पण सर पुढं जे सांगत होते ते मला जास्त लागलं. गाई परत आल्या तेव्हा विराटानं मुलाच्या पराक्रमाचा जयघोष मांडला, आणि कंकानं सारथ्याचं नाव काढताच त्याच्या तोंडावर फासा फेकून मारला. जिंकणारा सारथीच गोष्टीतून गळाला होता. आणि मग त्याच बढाईखोर उत्तरानं बापाला सांगितलं, की हे मी केलेलं नाही. हाच उत्तर पुढं महायुद्धाच्या पहिल्या दिवशी शल्याच्या हातून पडला, लढता लढता. बहिणीनं त्या दिवशी काय केलं असेल, ते महाभारतात दिलेलं नाही.

कायद्याचं मी थोडक्यात सांगते, कारण कट्ट्यावर ते सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीत मनाला येईल तसा बदल करायला ५२ वं कलम आडवं येतं. पण दंडाची पावती इथं पदकासारखी जपतात. 'स्टेज टू'नं एक पावती प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली आणि त्यांतल्या दहांपैकी सातांच्या मागं वेग हे कारण होतं, असं सरकारी अहवालात आहे. हा आकडा मी एकदा दादाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "त्यांना चालवता येत नव्हतं."

आता गेल्या जानेवारीतली गोष्ट. कराडला आत्याच्या मुलाचं लग्न होतं. रात्री वऱ्हाडाच्या टेम्पोत आई-बाबा आणि अण्णा पुढं निघाले आणि मी दादाबरोबर गाडीत बसले. अकरा वाजले असतील. काचा वर, गाणी लावलेली, दादा खुशीत. कासेगावच्या अलीकडे मागून एक काळी गाडी आली, आमच्या बरोबरीनं चालू लागली आणि तिनं दोनदा दिवे मिचकावले. बस्स. या लोकांत आमंत्रण असंच असतं. अक्षता नाहीत, पत्रिका नाही.

"दादा, नको हं," मी म्हटलं.

"गप बस. बघ तर खरं."

अंगात येतं म्हणजे काय, ते मी शेजारच्या सीटवरून पाहिलं. आधी तो खोळंबा, मग पाठ सीटला चिकटली. काटा शंभरावर, मग एकशे दहा, एकशे वीस. ताशी एकशे वीस म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. हे गणित मी नंतर घरी केलं. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट रस्ता लागतो, हेही नंतरच वाचलं. फाइल बदलली होती, ताकद वाढली होती. पण चाकांशी ब्रेक होते ते पंच्याहत्तर घोड्यांच्या हिशेबानं दिलेले. भोवरा पळायला मदत करतो. थांबायच्या कामात तो नसतो.

दादाच्या मोबाइलवर पॉल वॉकरचं चित्र आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर शर्यती लावणाऱ्या पोरांवर 'व्हाइब' मासिकात १९९८ साली एक लेख आला होता, त्यावरून 'द फास्ट अँड द फ्युरिअस' हा चित्रपट २००१ साली निघाला. त्याचा हा नायक. २०१३ च्या नोव्हेंबरात तो मोटार अपघातात गेला, हे दादाला तारखेसकट पाठ आहे. पण त्या वेळी गाडी वॉकर चालवत नव्हता. चालवत होता त्याचा मित्र. वॉकर शेजारच्या सीटवर बसला होता.

महामार्गाचं सहापदरी काम चालू आहे, त्यामुळे जागोजागी वाहतूक कडेच्या रस्त्यावर वळवलेली असते. काळी गाडी वळणावर आमच्या पुढं घुसली आणि उजवीकडून निघून गेली. तिच्या मागं धुळीचा पडदा होता. तो पडदा विरला तेव्हा समोर रस्ता नव्हता. हिरवी-पिवळी भिंत होती. उसाचं वाढं.

दादानं ब्रेक दाबला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. टायर ओरडले, माझा पट्टा छातीत रुतला, मागच्या सीटवरचा लाडवांचा डबा पुढं येऊन आदळला. गाडी थांबली तेव्हा वाढ्याची पानं बॉनेटवर टेकलेली होती. वाऱ्यानं ती हलत होती आणि पत्र्यावर खरखर वाजत होती.

तीन गाड्या होत्या, ओळीनं. टायरच्या, उसानं गच्च भरलेल्या. दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. कारखान्याकडे निघालेल्या. शेवटच्या गाडीच्या उसावर एक बाई बसली होती, पदरात मूल गुंडाळून. गाडीवान खाली उतरून बैलांच्या तोंडाशी गेला होता. तो शिव्या देईल, अंगावर येईल, असं मला वाटलं. मला तर ते बरंच वाटलं असतं. तो तिथूनच म्हणाला, "भाऊ, लाइट तेवढी बंद करा. पुढं सावल्या हालायल्यात. बैलं बुजायलेत."

दादानं दिवे घालवले. एकदम अंधार झाला. त्या अंधारात बैलांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि वर मूल खोकत होतं. मग वरून त्या बाईचा आवाज आला, "बाई, तुमाला लागलं का काही?"

मला. ती मला विचारत होती.

मी नाही म्हटलं असावं. गाडीवानानं बैलांना चुचकारलं, जू कुरकुरलं आणि वाढ्याची पानं बॉनेटवरून हळूहळू निघून गेली. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. दादाचे हात चाकावर होते. गाणं चालू होतं, ते त्यानं बंद केलं. घरापर्यंत गाडी चाळीसच्या वर गेली नाही.

मला वाटलं, आता कट्टा संपला. पण दोनच दिवसांनी डेअरीच्या रांगेत मला माझीच रात्र ऐकायला मिळाली. "एकशे वीसवरनं झटक्यात थांबवली!" तिसऱ्या दिवशी ती एकशे चाळीसवरून थांबली. आठवड्याच्या शेवटी एकशे साठ झाले आणि बैलगाडीची ट्रॉली झाली. विझलेल्या दिव्यांची, आडवी लावलेली ट्रॉली, तीही दादानं डावीकडून हातभर जागेतून काढली. काळी गाडी मात्र या आवृत्तीत मागं पडलेली होती. मी किटली धरून उभी होते. गोष्टीत मी नव्हते, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण उसावरची बाई नव्हती, मूल नव्हतं, गाडीवान नव्हता, बैलसुद्धा नव्हते. एवढी माणसं-जनावरं कुठं गेली? अण्णांच्या गदेनं कधी सर्जाला असं गिळलं नव्हतं.

कट्ट्यावर एक मुलगा असतो, त्याच्याबद्दल मी अजून सांगितलं नाही, कारण तो बोलतच नाही. त्याची भाजीची पिकअप आहे. आठवड्यातल्या पाच रात्री तो वाशीच्या बाजारात माल घेऊन जातो आणि सकाळी परततो. या सगळ्यांनी मिळून जेवढा महामार्ग सांगितला असेल, त्याच्यापेक्षा जास्त त्यानं एकट्यानं कापलेला आहे. त्या दिवशी सगळे "नाद खुळा!" म्हणून ओरडले, 'स्टेज टू'नं सलामी म्हणून फुस्स् केलं, आणि ते सगळं ओसरल्यावर या मुलानं चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "पर त्यो ट्रॉलीवाला काय म्हणला?"

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर डेअरीच्या पायरीवर माझ्याकडे आली.

"ट्रॉली नव्हती," तो म्हणाला. "बैलगाडी हुती." आणि थोड्या वेळानं, "लाइट बंद करा म्हणला. बैल बुजत्यात म्हणला."

कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी दुसऱ्या कुणाच्या तरी इंटरकूलरचा विषय काढला आणि गाडी पुढं सरकली.

फेब्रुवारीत एकदा गाडीच्या डिकीतून पिशवी काढताना मला लाल रेडियमच्या पट्टीचं भेंडोळं सापडलं. मला वाटलं, झालं, आता दारांवरही काहीतरी लिहिणार. पण दारं होती तशीच राहिली आणि भेंडोळं मात्र बारीक होत गेलं. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. कॉलेजची एसटी तिथूनच जाते. संध्याकाळी परतताना बसच्या उजेडात समोरच्या दोन बैलगाड्यांच्या मागच्या फळ्यांवर लाल पट्ट्या चमकल्या. वाकड्यातिकड्या कापलेल्या, दादाला कात्री कधीच नीट धरता आली नाही. याबद्दल कट्ट्यावर एक शब्द निघाला नाही. मी रोज रांगेत कान देऊन उभी राहायचे, म्हणून सांगते.

कारखान्याचा पट्टा पडला, कोप्या उठल्या, त्या गाड्या बीडकडे गेल्या. आमच्या गाडीची फाइल अजून स्टेज वनच आहे. आईच्या पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत आणि गाडीचे एकोणीस हप्ते राहिले आहेत. परवा अण्णांनी दादाला विचारलं, "ती फाइल पुसून पैलीसारखी करता येत न्हाई व्हय रं?" दादा म्हणाला, येते, पण त्यालाही पैसे पडतात.